पी व्हॅल्यू नंतर काढू, आधी तुलना कोणाशी केली ते सांगा

२०२१ चा एप्रिल-मे आठवतोय ना? प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर "प्लाझ्मा अर्जंट हवाय, पेशंट पुण्यात अॅडमिट आहे, प्लीज फॉरवर्ड करा" असले मेसेज, आणि लोक खरंच रात्री-अपरात्री गाडी काढून ब्लड बँकेत जात होते. प्लाझ्माने, म्हणजे कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीवाल्या द्रवाने, फरक पडताना दिसत नाही असं सांगणारा आयसीएमआरचाच अभ्यास तेव्हा छापून येऊन सहा महिने झाले होते. प्लॅसिड नाव त्याचं, ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तरी आपल्याकडच्या गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला. तोपर्यंत डॉक्टर लिहून देत होते, नातेवाईक पळत होते, आणि "आमच्या काकांना प्लाझ्मा दिला आणि तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन काढला" हे सांगणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी होताच.

तो माणूस खोटं बोलत नव्हता. काका खरंच बरे झाले होते. फक्त प्लाझ्मा दिला नसता तर काय झालं असतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते एका काकांवरून कळायची सोयच नाही. क्लिनिकल रिसर्च नावाचा सगळा पसारा या एका प्रश्नासाठी उभा केलाय.

मी मेडिकल कॉलेजमध्ये रेसिडेंट मंडळींच्या थिसिसचं स्टॅटिस्टिक्स बघते. मुलं येतात ती लॅपटॉप उघडूनच, "मॅडम डेटा कलेक्शन झालंय, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या". मी विचारते, कोणाची कोणाशी तुलना करायची आहे? की गप्प. मग "मॅडम ते... आम्ही हे औषध दिलं आणि ८० टक्के पेशंट बरे झाले". बरं, पण औषध न देता किती झाले असते? परत गप्प. मुलं हुशार असतात, नीटमधून रँक काढून आलेली असतात, पण त्यांना स्टॅटिस्टिक्स शिकवलेलं असतं ते फॉर्म्युल्यांपासून, आणि खरा विषय सुरू होतो तुलनेपासून. म्हणून इथे फॉर्म्युला एकही नाही, मोठ्या अभ्यासांचे खरे आकडे घेऊनच बघू.

प्लॅसिडमध्ये ३९ हॉस्पिटलं होती, सरकारी-खाजगी दोन्ही, आणि ४६४ पेशंट. सगळे मॉडरेट कोविडवाले, म्हणजे ऑक्सिजन खाली आलाय पण अजून फार गंभीर नाहीत. त्यातल्या २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, २०० मिलीचे दोन डोस, २४ तासांच्या अंतराने. उरलेल्या २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. मग २८ दिवसांत किती जणांचा आजार गंभीर झाला किंवा किती जण गेले ते मोजलं. प्लाझ्मावाल्यांत ४४, दुसऱ्या गटात ४१. आता कॅल्क्युलेटर काढा आणि ४४ भागिले २३५ करा, मग ४१ भागिले २२९. पहिलं येतं १८.७ टक्के, दुसरं १७.९. झालं, मेन रिझल्ट तुम्ही स्वतःच काढलात.

आता हेच उलटं वाचून बघा. प्लाझ्मा मिळाला त्यातले ८१ टक्के लोक ना गंभीर झाले ना गेले. नुसता हाच आकडा कोणी प्रेस कॉन्फरन्समध्ये सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी हेडलाइन काय आली असती? "प्लाझ्माने ८१ टक्के रुग्णांना वाचवलं". आणि प्लाझ्मा न मिळालेल्यांतले ८२ टक्के! म्हणजे आपण ज्याला औषधाचा गुण म्हणत होतो तो बहुतेक सगळा आजाराचा स्वतःचा प्रवास होता.

यात अजून एक भर पडते. माणूस दवाखान्यात जातो कधी, तर त्रास सगळ्यात जास्त असतो तेव्हा. कंबरदुखी, मायग्रेन, वाढलेलं बीपी, यांत चढउतार चालूच असतात, आणि सगळ्यात वरच्या टोकाला असताना काहीही दिलंत, गोळी द्या नाहीतर अंगारा द्या, पुढचं मोजमाप बहुतेक वेळा खालीच येतं. "आधी आणि नंतर" एवढंच मोजणारे थिसिस दरवर्षी ढिगाने येतात आणि त्या सगळ्यांत सुधारणा दिसते, ती यामुळे.

मग तुलनेला कोणाला घ्यायचं? आयसीयूतले एका बाजूला आणि वॉर्डातले दुसऱ्या बाजूला घेऊन चालत नाही हे कोणालाही कळतं, पण लपलेले फरक दिसत नाहीत. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हार्ट अटॅक कमी येतात असं कितीतरी वर्षं निरीक्षणांतून दिसत होतं आणि अमेरिकेत डॉक्टर त्या गोळ्या भरभरून लिहून देत होते. मग डब्ल्यूएचआय नावाच्या ट्रायलमध्ये १६,६०८ बायकांना गोळी की प्लासिबो (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि २००२ मध्ये ट्रायलचा हा भाग मध्येच थांबवावा लागला, कारण गोळीवाल्या गटात हार्टचा त्रास कमी व्हायच्या ऐवजी उलट थोडा जास्तच होता, ब्रेस्ट कॅन्सरही जास्त. आधी उलटं का दिसत होतं? याची बरीच कारणं चर्चेत आहेत, पण त्यातलं एक साधं आहे. स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, बऱ्या घरच्या, तब्येत सांभाळणाऱ्या होत्या. गोळीच्या नावावर जमा झालेलं बरंचसं श्रेय खरं तर त्यांच्या राहणीमानाचं होतं. याला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि व्हायव्हामध्ये व्याख्या पाठ म्हणून दाखवणारी मुलं स्वतःच्या थिसिसमध्ये नेमकं हेच विसरतात.

असं चिठ्ठ्या टाकून गट ठरवणं म्हणजे रँडमायझेशन. त्याने काय होतं, तर कोणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या, पेशंटच्या, नातेवाइकांच्या कोणाच्याच हातात राहत नाही. वय, डायबेटिस, पैसा, आणि आपल्याला ज्यांचं नावही माहीत नाही असल्या सगळ्या गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची स्ट्रेप्टोमायसिन ट्रायल आली, टीबीवरची, तिच्यामागे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा स्टॅटिस्टिक्सवाला माणूस होता. औषध सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच, त्यामुळे काही जणांना ते न देण्यात अन्याय आहे असं कोणी म्हणू शकत नव्हतं. १०७ पेशंट, ५५ जणांना औषध आणि बेड रेस्ट, ५२ जणांना नुसता बेड रेस्ट. कोण कुठल्या गटात ते बंद पाकिटात, आणि पेशंट घ्यायचं ठरल्यावरच पाकीट उघडायचं. हा पाकिटाचा भाग लोक हलक्यात घेतात. पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे आधीच कळत असेल ना, तर कितीही प्रामाणिक डॉक्टर असला तरी "या आजोबांना नको, पुढच्याला घेऊ" असं होतंच होतं. सहा महिन्यांनी औषधवाल्यांतले ४ गेले होते, दुसऱ्या गटातले १४.

परत प्लॅसिडकडे येऊ, कारण त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. प्लाझ्मावाल्यांचा दम आणि थकवा सातव्या दिवशी जास्त प्रमाणात गेलेला दिसला, त्यांच्यात व्हायरसची टेस्टही लवकर निगेटिव्ह येत होती. म्हणजे वॉर्डातल्या डॉक्टरला "फरक पडतोय" असं वाटत होतं ते अगदीच हवेतलं नव्हतं. पण मृत्यू बघा, ३४ आणि ३१, तिथे काही नाही. दम आणि थकवा पेशंट स्वतः सांगतो, आणि या ट्रायलमध्ये कोणाला प्लाझ्मा मिळालाय हे सगळ्यांना माहीत होतं, एवढी धावपळ करून बाटली आणल्यावर थोडं बरं वाटणारच. टेस्ट निगेटिव्ह येणं हे कागदावर छान दिसतं, पण आपल्याला काका घरी यायला हवेत, रिपोर्ट नाही.

रिपोर्ट सुधारला म्हणजे पेशंट सुधारला असं समजण्याची किंमत किती मोठी असू शकते ते बघायचं असेल तर अमेरिकेतली कास्ट ट्रायल बघा. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांच्या ईसीजीत जादा ठोके दिसतात, असे लोक अचानक दगावण्याची शक्यता जास्त असते, आणि एन्केनाइड, फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके छान दाबतात. मग औषध द्यावं, सरळ आहे की! लॉजिकमध्ये काही चूक दिसते का? ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ गेले, प्लासिबोवाल्या ७४३ पैकी २६. ठोके दाबले जात होते आणि माणसं मरत होती. आणि हो, ट्रायलमध्ये घेतलेच होते असे पेशंट की ज्यांचे ठोके औषधाने कमी होतात हे आधी तपासून बघितलेलं.

आता कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. प्लॅसिडमधला फरक आहे ०.८ टक्के पॉइंट, प्लाझ्माच्या विरुद्ध बाजूला, आणि त्याचा ९५ टक्के इंटरव्हल उणे ६.२ ते अधिक ७.८. याचा कामापुरता अर्थ असा की या डेटाशी जुळणाऱ्या शक्यता बऱ्याच पसरलेल्या आहेत, प्लाझ्माने शंभरात सहा जण वाचतात इथपासून शंभरात जवळपास आठ जणांचं वाईट होतं इथपर्यंत. म्हणजे खरं तर प्लॅसिड एकटं "प्लाझ्मा निरुपयोगी" असं ठामपणे म्हणत नाही, ते म्हणतं की मोठा फायदा बहुतेक नाही, छोटा असला तर एवढ्या पेशंटमध्ये मला दिसणार नाही. शिवाय दात्यांच्या प्लाझ्मात अँटीबॉडी किती आहेत हे देण्याआधी बघता आलं नव्हतं, यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. मग ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने अँटीबॉडी भरपूर असलेला प्लाझ्मा घेऊन ११,५५८ पेशंटमध्ये हेच केलं आणि दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्के आले, तेव्हा विषय मिटला. पेपर वाचताना नुसता पी बघून पुढे जाणाऱ्यांना हा इंटरव्हल दिसतच नाही, आणि माझ्या मते अख्ख्या रिझल्ट सेक्शनमध्ये एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर ती ही.

त्याच रिकव्हरीतलं डेक्सामेथासोन घ्या, जुनं, स्वस्त स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. बारा पॉइंटचा फरक, म्हणजे साधारण आठ जणांना दिलं की एक जीव वाचतो. नुसत्या ऑक्सिजनवरच्या लोकांत २६.२ वरून २३.३, म्हणजे पस्तीसेक जणांमागे एक. औषध तेच, डोस तोच, पण पेशंट कोण यावर हिशोब बदलला. म्हणून "मृत्यू इतक्या टक्क्यांनी कमी" असं कोणी म्हणालं की आधी विचारायचं, कितीवरून किती? हजारात दोनावरून हजारात एकावर आलं तरी ते "५० टक्के कमी" असतं, आणि मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या गुळगुळीत कागदावर ५० हाच आकडा मोठ्या टाइपात असतो.

आणि त्याच टेबलात तिसरी ओळ होती. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात डेक्सावाल्यांचे मृत्यू १७.८ टक्के, न दिलेल्यांचे १४. फरक योगायोगाचा असू शकतो एवढा इंटरव्हल रुंद होता, पण फायद्याची खूण कुठेच नाही. दुसऱ्या लाटेत ताप आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरच्या घरी स्टेरॉइड सुरू केलेले लोक आपण सगळ्यांनी बघितलेत, त्यात शुगरवालेही होते, आणि मग म्युकरमायकोसिसचे वॉर्ड भरले. डायबेटिस आणि स्टेरॉइड ही त्याच्यामागची मोठी कारणं होती. ती तिसरी ओळ २०२० पासून सगळ्यांच्या समोर होती.

बरं, आता ती पी व्हॅल्यू. समजा औषधाचा खरंच काही परिणाम नाही, शून्य. तरी दोन गटांत थोडाफार फरक नशिबाने पडणारच. तर नुसत्या नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता किती, ते पी सांगतो. बस. "औषध काम करत असण्याची शक्यता ९५ टक्के" असा त्याचा अर्थ नाही, फरक मोठा आहे असाही नाही, महत्त्वाचा आहे असा तर अजिबात नाही. दहा हजार पेशंट घेतलेत तर बीपीतला एका पॉइंटचा फरकसुद्धा पी ०.००१ देऊन जाईल आणि पेशंटला त्याचा काडीचा उपयोग नसेल. ०.०५ ही रेघ पण आकाशातून पडलेली नाही, रोनाल्ड फिशरने सोयीची म्हणून वापरली आणि ती चिकटली ती चिकटलीच. मुलं ०.०४८ आलं की पेढे वाटायच्या बेतात असतात आणि ०.०५२ आलं की चेहरे पडतात, या दोन आकड्यांत पुरावा म्हणून काय फरक आहे ते मला कोणी तरी सांगावं.

आणि रेघ चिकटली की रेघ ओलांडायचे धंदे सुरू होतात. काहीच खरं नसताना वीस वेगवेगळ्या टेस्ट मारल्या तर त्यातली एक तरी ०.०५ च्या खाली यायची शक्यता ६४ टक्के असते. मग पुरुषांत बघा, बायकांत बघा, साठीच्या पुढच्यांत बघा, कुठे तरी लागतंच. यावर आयसिस-टू वाल्यांनी भारी प्रकार केला होता. १९८८ ची ट्रायल, हार्ट अटॅक आलेले १७,१८७ पेशंट, अॅस्पिरिनने मृत्यू ११.८ वरून ९.४ टक्क्यांवर आले, अगदी पक्का फायदा. मग त्यांनी मुद्दाम पेशंटच्या जन्मराशींप्रमाणे गट पाडून दाखवले (पाश्चात्य पद्धतीच्या बरं का, आपल्या चंद्रराशी नाहीत) आणि मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच, असं आलं! अर्थात कोणीही मिथुनवाल्यांचं अॅस्पिरिन बंद केलं नाही. पण राशीच्या जागी "डावखुरे" किंवा "बी ब्लड ग्रुपवाले" असतं तर? गंभीर चेहऱ्याने कॉन्फरन्समध्ये स्लाइड दाखवली गेली असती.

सगळीकडे रँडमायझेशन जमतंच असं नाही, आणि नाही जमलं म्हणून अभ्यास टाकाऊ होतो असंही नाही. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने नवजात बाळांवर घरीच उपचार करून बघितले. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यसेविका केलं, ती बाळ बघणार, वजन करणार, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देणार. ३९ गावांत हे केलं, आणि शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. चिठ्ठ्या टाकून गावं निवडलेली नव्हती. पण त्यांनी सुरुवातीचे आकडे आधी घेऊन ठेवले होते, हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू इकडे आणि ५८ तिकडे, म्हणजे सुरुवात साधारण सारखी. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, इकडे २५.५ आणि तिकडे ५९.६. ती ४७ गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं की काळ बदलतोय, रस्ते झाले, मृत्यू तसेही कमी झालेच असते. ५९.६ या आकड्यासमोर हे म्हणता येत नाही. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला हा पेपर, थिसिस करणाऱ्यांनी शोधून वाचाच.

आता थिसिसवाल्यांसाठी थोडं, कारण मला माहितीय हे वाचणाऱ्यांत तेच जास्त असणार. सॅम्पल साइझ म्हणजे गाइड सरांनी सांगितलेला आकडा नाही. "साठ कर, तीस-तीस" हे मी इतक्यांदा ऐकलंय की बास. समजा एखादं कॉम्प्लिकेशन नेहमीच्या उपचाराने २० टक्क्यांना होतं आणि तुमच्या नव्या पद्धतीने ते १० वर येईल अशी आशा आहे. हे नेहमीच्या ८० टक्के पॉवरने (म्हणजे फरक खरंच असला तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायचं तर प्रत्येक गटात जवळपास २०० पेशंट लागतात. आणि २० वरून १५ च होणार असेल तर प्रत्येक गटात ९००! फरक अर्धा झाला की पेशंट चौपटीच्या पुढे जातात. तीस-तीसमध्ये यातलं काहीच दिसणार नाही, मग "फरक नाही" असं लिहून मोकळे होता, पण खरं वाक्य "आम्हाला दिसण्याची सोयच नव्हती" असं असतं. पेशंट तेवढे मिळणार नसतील तर प्रश्न बदला. एखादी टेस्ट किती अचूक आहे किंवा आपल्या ओपीडीत अमुक गोष्ट किती जणांना आहे, असे साधे प्रश्न नीट केलेले परवडतात.

एक्सेल शीट बद्दल तर वेगळा लेख होईल. बीपी १३०/८० एकाच खान्यात भरू नका, दोन कॉलम करा. एकाच कॉलममध्ये एम, मेल आणि पुरुष असं तिन्ही असलं तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तुमच्याकडे तीन लिंगं आहेत. माहिती नसेल तिथे शून्य भरू नका, रिकामं सोडा, एका शून्याने सरासरी हिमोग्लोबिन कुठल्या कुठे जातं. आणि अॅडमिशनचे दिवस वगैरे असेल, की बहुतेक लोक पाच दिवसांत घरी आणि दोन जण दोन महिने, तर सरासरी न देता मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या. कुठली टेस्ट लावायची हे शेवटचं आणि खरं तर सोपं काम आहे, होय-नाही असं मोजलं असेल तर काय-स्क्वेअर, आकड्यात मोजलं असेल तर टी-टेस्ट, एवढ्यात बरेचसे थिसिस बसतात आणि बाकीच्यांसाठी आम्ही आहोतच.

शिकायचं कसं हे विचारतात. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या एनआयई संस्थेचा रिसर्चवरचा बेसिक कोर्स पीजीवाल्यांना सक्तीचाच आहे, तो व्हिडिओ डबल स्पीडवर पळवून सर्टिफिकेट डाउनलोड करण्यापुरता करू नका, चांगला आहे तो. आणि पेपर अॅब्स्ट्रॅक्टपासून वाचू नका. मेथड्स उघडा, कोण घेतले, कोण वगळले, कोणाशी तुलना, काय मोजलं, मग थेट टेबलावर जाऊन दोन भागाकार स्वतः करा, आणि मग लेखकांनी काय निष्कर्ष काढलाय ते बघा. प्लॅसिडपासून सुरुवात करा, फुकट वाचता येतो.

आणि तुमचा अभ्यास ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे आपल्याकडच्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीवर, रजिस्टर करायचंय हे पहिला पेशंट घ्यायच्या आधी लक्षात ठेवा. काय मोजणार ते तिथे आधी लिहून द्यावं लागतं, म्हणजे मागाहून राशी शोधता येत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून ते मागच्या तारखेने करून देत नाहीत, आणि "मॅडम, चाळीस पेशंट झालेत, आता रजिस्ट्रेशन कसं करू" असं विचारत माझ्याकडे आलात तर मी काहीही करू शकत नाही.